गोव्यात राहून तंत्रज्ञानाची पत्रकारिता जमते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी डिचोली तालुक्यातली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठीत लिहायला आवडतं. तंत्रज्ञानाची पत्रकारिता करायची तर बंगळुरू किंवा पुण्याला जावंच लागेल का? गोव्यात बसून बातम्या मिळतात कशा? आणि इंटरनेटवर योगायोगाने झालेल्या ओळखींवर कितपत विसंबावं?"

जावंच लागेल असं मुळीच नाही. बंगळुरूच्या वार्ताहराला कंपन्यांच्या कार्यक्रमांची आमंत्रणं येतात, हे खरं. पण तिथे सगळ्यांच्या हातात एकच प्रेसनोट पडते आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे तीच छापून येते. तंत्रज्ञानाची जी बातमी वाचकाच्या कामी येते, ती बहुतेकदा ते तंत्रज्ञान वापरताना अडलेल्या माणसाकडे असते. अशी माणसं वाळपईत आहेत, काणकोणात आहेत आणि दूर समुद्रात बोटीवर नोकरी करणाऱ्या गोंयकारांतही आहेत. ती तुमच्यापर्यंत पोचावीत कशी, हा खरा प्रश्न. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार आहे. पहिल्या दोहोंचं उत्तर त्यातच आहे.

आधी रोजचं काम कसं असतं ते सांगतो, कारण त्यात झगमगाट फार कमी आहे. सकाळी पहिल्यांदा सर्ट-इनच्या सूचना बघतो. संगणक-सुरक्षेचं काम पाहणारी ही केंद्र सरकारची संस्था कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय त्रुटी सापडली ते जाहीर करते. त्यातलं गोव्यात काय वापरात आहे हे ओळखणं आपलं काम. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या सोडते, तोवर आपल्याकडे रात्र झालेली असते. बुधवारी मी पतसंस्थांमध्ये आणि शाळांमध्ये संगणक सांभाळणाऱ्या ओळखीच्या मंडळींना फोन लावतो. "अपडेट टाकला का?" उत्तर बहुधा "अजून नाही" असंच येतं, आणि का नाही याचं कारण ऐकता ऐकता बातमी हाती लागते. गुरुवारी राजपत्र चाळायचं. विधानसभेचं अधिवेशन असलं की एलएक्यू, म्हणजे आमदारांनी सरकारला विचारलेले प्रश्न, वाचायचे. पर्वरीत सभागृहात जे गाजतं ते सगळेच लिहितात. अतारांकित प्रश्नांच्या लेखी उत्तरांना जोडलेली परिशिष्टं मात्र फार थोडे उघडतात. सीसीटीव्ही किती बसवले, त्यांतले चालू किती, देखभालीचं कंत्राट कोणाकडे, असली माहिती तिथल्या तक्त्यांत सापडते. तिथे नसली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच; कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

रात्रीचं काम वेगळं. सप्टेंबरात ॲपलचा कार्यक्रम कॅलिफोर्नियात सकाळी १० वाजता सुरू होतो तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा झालेले असतात आणि डेस्कला पान सोडायची घाई असते. पावसाळ्यात नेमकं झाड पडून लाईट जाते. राउटरसाठी वेगळा बॅकअप घेऊन ठेवा, लॅपटॉपची बॅटरी टिकून काही उपयोग होत नाही. पैशांचंही स्पष्ट सांगतो: स्थानिक वृत्तपत्राच्या मानधनावर एकट्या या बीटवर, म्हणजे या एकाच विषयाच्या बातम्यांवर, घर चालत नाही. सोबत भाषांतर, संपादन किंवा शिकवणं असं काहीतरी धरून ठेवावं लागतं. ते आधीच ठरवून या क्षेत्रात उतरलात तर नंतर कडवटपणा येत नाही.

आता ओळखींकडे येतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निष्कर्ष मांडला. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याने ही नोकरी सांगितली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणाऱ्याकडून कळलं असं सांगणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याने सांगितलं होतं आणि २७.८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याने. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं, नवं काही येतं ते लांबच्याकडून. गोव्यात हे दुप्पट लागू पडतं. पणजीत आम्ही पत्रकार एकाच पत्रकार परिषदेला बसतो, एकाच टपरीवर चहा घेतो, एकाच अधिकाऱ्याला फोन करतो. माझ्याकडच्या चांगल्या बातम्यांपैकी बहुतेक अशा माणसांकडून आल्या, ज्यांना मी तोवर कधी पाहिलंही नव्हतं.

पण अनोळखी माणूस तुम्हाला शोधत येतो तो तुम्ही नेमकं लिहिलंत तरच. "कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज" असल्या लेखावर शाबासकी येते, बातमी येत नाही. एका संस्थेच्या जुन्या अंकांच्या डिजिटल सूचीबद्दल मी एकदा छोटीशी टीप लिहिली होती. म्हणणं एवढंच होतं की "किनाऱ्यावर" हा शब्द शोधला की काही मथळे सापडतात, काही सापडत नाहीत, आणि न सापडलेल्या मथळ्यांतही तोच शब्द डोळ्यांना स्वच्छ दिसतो. त्यावर फोंड्याच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त डीटीपी ऑपरेटरांचा मेल आला. ओळखपाळख काही नाही, दोन ओळींचा मजकूर: "दोन्ही शब्द कॉपी करून त्यांतली अक्षरचिन्हं मोजा. एकात एक न दिसणारं जास्त निघेल."

मोजली. एका "किनाऱ्यावर"मध्ये १० चिन्हं होती, दुसऱ्यात ११. पहिल्यात नुक्तावाला ऱ, त्याला हलन्त आणि मग य होता. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर पडद्यावर कधीच न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य होता. पडद्यावर दोन्ही एकसारखे. युनिकोडला, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या जागतिक प्रमाणाला, दोन्ही पद्धती मान्य आहेत. एकच अक्षर वेगवेगळ्या रीतीने साठवलेलं असलं तर ते एकसारखं करणारं युनिकोडचं जे प्रमाण सामान्यीकरण असतं, तेही या दोहोंना एकरूप करत नाही. शोधयंत्रणा बनवणाऱ्याने स्वतः दोन ओळींचा कोड लिहून ते करायचं असतं. "ॲ"चीही हीच गोष्ट. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधी लोक "अ"वर चंद्र देऊन काम भागवत, आणि आजही कित्येक कीबोर्ड तसंच उमटवतात. म्हणजे यादीत ॲग्नेसबाईंचं नाव असूनही शोधताना "आढळले नाही" असं उत्तर येऊ शकतं.

त्या गृहस्थांनी उमेदीची वर्षं जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यात घातली होती. कुठल्या कन्व्हर्टरमधून कुठला "ऱ्य" बाहेर पडतो हे त्यांना पाठ होतं. ही माहिती कुठल्याही कंपनीच्या प्रवक्त्याकडे मिळाली नसती. मुद्दा एका संस्थेपुरता नव्हताच. मराठी आणि देवनागरी कोंकणीतली जी कागदपत्रं अशा बदलातून गेली, त्या सगळ्यांचा होता. टीप लिहिताना मी "शोध नीट चालत नाही" एवढंच म्हटलं असतं तर त्यांना त्यात आपला विषय दिसलाच नसता. शब्द दिला होता म्हणून त्यांना सांगण्याजोगं काही सापडलं.

दुसरी ओळख एका तारवट्याची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याची. आपल्याकडे "मुलगा बोटीवर आहे" म्हटलं की घराची परिस्थिती वेगळी सांगावी लागत नाही. त्या नोकरीभोवतीच फसवणुकीचा धंदा उभा राहतो. या मुलाने रात्री मेसेज करून एका वेबसाईटचा पत्ता पाठवला. क्रूझवर नोकरी, मुलाखत व्हिडिओ कॉलवर, त्याआधी कागदपत्रांच्या नावाखाली पैसे. त्याचं म्हणणं होतं, "आमचं प्रशिक्षण केंद्र म्हणून लावलेला फोटो आमच्या बोटीवरच्या मेसचा आहे, माझ्याच मित्राने टाकलेला."

इथे काय केलं ते जरा तपशिलात सांगतो, कारण तुम्हाला हेच रोज करावं लागेल. आधी त्या पत्त्याची डोमेन-नोंद काढली. साईट म्हणत होती "१९९८ पासून सेवेत", आणि डोमेन घेतलेलं होतं काही आठवड्यांपूर्वी. साईटला सुरक्षा प्रमाणपत्र पहिल्यांदा कधी मिळालं याच्या सार्वजनिक नोंदी असतात, त्याही त्याच सुमाराच्या निघाल्या. मग तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आला होता ते शोधलं. मूळ फोटो जुना, एका खलाशाच्या खात्यावरचा, आणि त्यात भिंतीवर बोटीचं नाव दिसत होतं. साईटवरच्या फोटोत तेवढा भाग कापलेला होता. खलाशी भरती करणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. साईटवर छापलेला परवाना क्रमांक यादीत होता, पण दुसऱ्याच शहरातल्या दुसऱ्याच एजन्सीच्या नावावर. त्या एजन्सीला फोन केला, तर त्यांना याचा पत्ताच नव्हता. भारताने २०१५ साली सागरी कामगारविषयक आंतरराष्ट्रीय करार मान्य केला आहे. त्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, खलाशी पुस्तिका असे थोडे खर्च तेवढे त्याचे. एवढं हातात आल्यावर ज्यांनी पैसे भरले होते त्यांना आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावलं. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, आणि ती वेळ बातमीसाठी थांबत नाही. बातमी त्यानंतर छापली.

यात लक्षात घ्या, त्या मुलाच्या शब्दावर मी काहीच छापलं नाही. तो एखाद्या प्रतिस्पर्धी एजंटाचा माणूसही असू शकला असता. त्याने दिशा दाखवली, पुरावा प्रत्येक वेळी दुसरीकडून घेतला. ओळख कितीही जुनी झाली तरी हा क्रम बदलू नका. याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०२४ साली जगाने पाहिलं. लिनक्समध्ये फाइली दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची साधी, सर्वत्र वापरली जाणारी आज्ञावली आहे. "जिया टॅन" या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं तिच्यासाठी फुकट, चांगलं काम करत राहिलं. थकलेल्या मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला, सूत्रं हातात घेतली आणि मग आत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याला दुसऱ्याच कामाच्या चाचण्या करताना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने मूळ शोधलं आणि २९ मार्च २०२४ ला ते जाहीर केलं. "जिया टॅन" खरा कोण, हे आजवर उघड झालेलं नाही. दोन वर्षं कोणी गोड वागलं म्हणजे तो खरा, असं आपल्या धंद्यात धरता येत नाही.

मग अनोळखी मेलना उत्तरच देऊ नये का? जरूर द्या, आणि त्याच दिवशी द्या. डिसेंबर २०१२ मध्ये ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला एका निनावी माणसाचा मेल आला. आपल्याकडे माहिती आहे, आधी तुमचा मेल सांकेतिक करून घ्या, अशी विनंती होती. ग्रीनवाल्डकडून ते राहून गेलं. त्या माणसाने वाट पाहून जानेवारी २०१३ मध्ये लॉरा पॉइट्रस या माहितीपटकर्तीशी संपर्क साधला. तो माणूस म्हणजे अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणारा एडवर्ड स्नोडेन. पुढे ग्रीनवाल्डही त्या कामात आला आणि जूनमध्ये बातम्या बाहेर पडल्या, पण मधले महिने गेलेच. आपल्याकडे स्नोडेन येणार नाही. "आमच्या पंचायतीचं पोर्टल तीन आठवडे बंद आहे" असं लिहिणारी क्लार्क येईल, आणि तिलाही लिहायला तेवढंच धैर्य गोळा करावं लागलेलं असतं. म्हणून सिग्नल हे सांकेतिक मेसेजचं ॲप आजच घ्या, गायब होणारे मेसेज चालू ठेवा आणि प्रत्येक लेखाखाली मेलचा पत्ता द्या.

त्या क्लार्कला जपणं हे गोव्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते बाहेरून आलेल्या वार्ताहरांना कळत नाही. २०११च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.५८ लाख होती. मुंबईचं एखादं उपनगर याहून मोठं असेल. मुंबईत "एका महापालिका कर्मचाऱ्याने सांगितलं" म्हटलं की माणूस गर्दीत लपतो. इथे "सत्तरीतल्या एका पंचायतीतली संगणक चालवणारी कर्मचारी" असं लिहिलंत की संध्याकाळपर्यंत नाव उघड होतं, कारण तिची मावशी आणि सरपंचाची वहिनी एकाच वाड्यावर राहतात. म्हणून तालुका काढा, पद काढा, बाई की पुरुष तेही काढा. स्क्रीनशॉट जसाच्या तसा कधी छापू नका. वरची वेळ, बॅटरीची टक्केवारी, फॉन्ट, ग्रुपचं नाव, यांतल्या कशावरूनही माणूस सापडतो. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर त्यातली जागा-वेळेची नोंद निघून जाते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर ती टिकते. पडताळणीसाठी ही नोंद सोन्यासारखी, पण सांगणाऱ्यासाठी धोक्याची. मागण्याआधी त्याला हे समजावून सांगा आणि काम झालं की फाइल ठेवू नका. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पत्रकारांना वेगळी सूट नाही, त्यामुळे लोकांची माहिती गरजेपेक्षा जास्त साठवणं तसंही शहाणपणाचं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण विचाराल. आसगाव, हणजूण, शिवोलीत लॅपटॉप घेऊन राहिलेले बाहेरचे तंत्रज्ञ बातम्यांना उपयोगी पडतात का? क्वचित. ती मंडळी हुशार असतात, बोलायलाही बरी, पण गोव्याशी त्यांचा संबंध भाड्याचं घर आणि वाय-फाय एवढाच असतो. त्यांच्यापेक्षा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून पुण्यात किंवा दुबईत गेलेला, चतुर्थीला घरी येणारा इंजिनिअर शंभर पटीने चांगला. त्याला तंत्रही कळतं आणि गावही. अशांची यादी तुमच्या वर्गातच बसली आहे. पदवी घेऊन सगळे पांगण्याआधी त्यांचे नंबर घेऊन ठेवा.

सुरुवात कुठून करायची? तुमच्या तालुक्यात मोबाईल टॉवरपासून करा. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरतात आणि टॉवरचा विषय निघाला की आवाज चढतात. एका बाजूला किरणोत्साराची भीती. दुसऱ्या बाजूला रेंजच नसणारे वाडे. २०२०च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातल्या मुलांना ऑनलाइन वर्गासाठी नेत्रावळीच्या जंगलातली टेकडी चढावी लागत होती, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. दोन्ही बाजूंना हसू नका, दोन्हींची माणसं खरी आहेत. तुमच्याकडे इंजिनिअरिंग आहे, त्याचा इथे उपयोग होईल. भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. दूरसंचार खात्याचं "तरंग संचार" नावाचं पोर्टल २०१७ पासून चालू आहे. त्यावर जवळचा टॉवर कुठला आणि तो नियमात बसतो का ते बघता येतं, आणि ४,००० रुपये भरून मोजणी मागवता येते. गोवा दूरसंचाराच्या हिशेबात महाराष्ट्र परिमंडळात मोडतो, म्हणून पत्रव्यवहार कुठे करायचा ते आधी तपासा.

ग्रामसभेला जा, ठरावाची प्रत मागा, ना-हरकत दाखल्याची तारीख बघा. विरोध करणाऱ्यांत कोणी मोजणीला तयार असेल तर ती त्यांच्यासमोरच होऊ द्या, आणि आकडा त्यांच्या बाजूचा असो वा नसो, पूर्ण छापा. ज्या बाया सभेत उभ्या राहून बोलत नाहीत, त्यांना दुसऱ्या दिवशी घरी जाऊन भेटा. मुलाचा अभ्यास, आखातातून येणारा नवऱ्याचा व्हिडिओ कॉल, रेशनचा किंवा बँकेचा ओटीपी, यांतलं काय अडतं आणि कुठे जाऊन उभं राहिलं की रेंज मिळते, ते विचारा आणि ती जागा स्वतः जाऊन बघा.